थाई करीतला हिंग

"कसं झालंय?" हा प्रश्न त्यांना विचारू नये, हे झाशीतल्या मराठी घरांमधल्या लहान मुलांनाही ठाऊक होतं. आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही नुकतेच कोल्हापूरहून तिथे गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोने वरून वाटीभर शिरा खाली पाठवला आणि संध्याकाळी जिन्यात गाठ पडल्यावर हौसेने विचारलं, "काका, शिरा कसा झाला होता?"

"रवा कच्चा होता," ते म्हणाले. "वरून तूप घातलंत म्हणून तो भाजला जात नाही."

बायको वर आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. रवा मात्र तेव्हापासून नीट भाजू लागली, आणि त्याचं श्रेय तिने त्यांना आजतागायत दिलेलं नाही.

ते आमचे घरमालक. शिवाय मी ज्या सरकारी कारखान्यात लागलो, तिथल्या तपासणी विभागात ते माझे वरिष्ठ. म्हणजे सुटका कुठेच नव्हती. प्रेम नगरातल्या त्यांच्या दुमजली घराचा वरचा मजला मी बघायला गेलो, तेव्हा त्यांनी मला फिरवून फिरवून घराचे दोष दाखवले. ही खिडकी लागत नाही. हा नळ सकाळी थोडा वेळ येतो, मग नुसता फुसफुसतो. मे महिन्यात छत असं तापतं की कूलर लावा नाहीतर नका लावू. शेजारचे भैयाजी पहाटे भजन म्हणतात आणि सुरात म्हणत नाहीत.

"मग मी हे घर का घ्यावं?" मी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा जी. आहे ते मी सांगितलं."

मी घेतलं. सगळं अगदी त्यांनी सांगितल्यासारखंच निघालं, त्यामुळे भाडेकरूला तक्रार करण्याचं जे एक सुख असतं, ते आम्हाला कधी मिळालं नाही. भैयाजींच्या भजनाबद्दल तर त्यांनी अंमळ सौम्यच सांगितलं होतं.

त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी झाशीला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि रागावले की दोन्ही. पण त्या मराठीत आमच्याकडे कधीच मागे पडलेले शब्द होते. स्वयंपाकाला ते 'सैपाक' म्हणत आणि ताटाला 'पान'. पानात काही टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. कितीही वाईट झालेलं असो, ते शेवटच्या शितापर्यंत खात आणि मग ते कसं वाईट झालं होतं हे सांगत. एका लग्नात यजमान हात जोडून पंगतीतून फिरत होते. यांच्यापाशी आल्यावर ते जरा लगबगीने पुढे निघाले, तर यांनी त्यांचा हात धरून सांगितलं, "पूरी में तेल बहुत है भैया, हलवाई को बोलो." यजमानांनी हसून मान डोलावली. पुढच्या लग्नाचं आमंत्रण आलं ते फक्त काकूंच्या नावाने.

कारखान्यात कामगार त्यांना पाठीमागे 'फेल बाबूजी' म्हणत. परत केलेला माल बघून लोक वैतागत, पण काय चुकलं ते नेमकं कळे आणि दुसऱ्या खेपेला तो पास होई. स्वतःलाही त्यांनी कधी सवलत दिली नाही. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषण केलं, की ये इतने साल में कभी लेट नहीं हुए. त्यावर ते उठले आणि म्हणाले, "जाड़े में हमेशा लेट आता था साहब. कोहरा रहता है. गेटवाले से पूछ लीजिए." गेटवाला मागे खुर्च्या लावत होता. तो खाली बघायला लागला. साहेबांनी घाईघाईने त्यांच्या अंगावर शाल पांघरली.

'छान' या शब्दावर त्यांचा विशेष राग. "छान म्हणणारा माणूस जेवत नसतो, निघायची वाट बघत असतो," असं ते म्हणत. फार झालं तर ते 'जमलंय' म्हणायचे. ते ऐकायला मिळालेली माणसं थोडी आहेत आणि ती ही गोष्ट अजून सांगतात.

या माणसाला एकुलती एक मुलगी. केतकी तिचं नाव. ती बँकेत होती. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलताना दुसऱ्या वाक्याला हिंदीवर यायची. तिच्या लग्नाचं वय झालं आणि नागपूर, भुसावळ, पुण्याकडून स्थळं येऊ लागली. मंडळी रात्रभर गाडीत बसून यायची, सकाळी आंघोळी उरकून प्रेम नगरात पोहोचायची आणि त्यांच्यापुढे कांदेपोहे यायचे. त्या पोह्यांत मीठ नसायचं.

हे काकांचं फर्मान होतं. मुलगा काय करतो ते बघायचं. त्याने मीठ मागितलं तर तो खरा माणूस. 'वा, छान झालेत' म्हणाला तर खोटा, आणि खोट्याच्या घरी मुलगी द्यायची नाही. आता मला सांगा, मुलगी बघायला गेलेला कोणता मराठी मुलगा भावी सासूच्या पोह्यांना नावं ठेवील? त्याला तर आईने गाडीतच बजावलेलं असतं. तो मुकाट्याने अळणी पोहे गिळायचा आणि छान म्हणायचा. एकाने तर आणखी मागून घेतले. तो सर्वांत आधी नापास झाला.

स्थळं परत जात होती आणि जाताना एक बातमी घेऊन जात होती, की त्या बाई पोह्यांत मीठ घालायला विसरतात. त्या घरात काकूच तेवढ्या गोड बोलायच्या, आणि अशा सुगरण बाईवर ही पाळी आली. बातमी फिरून झाशीच्या महाराष्ट्र मंडळात पोहोचली. गणपतीच्या महाप्रसादाची आमटी वर्षानुवर्षं काकू करायच्या, तिथे बायकांनी त्यांना काकडी कोचायला बसवलं. "तुम्ही आता दमता," असं वर प्रेमाने सांगितलं. काकूंना खरं सांगता येत नव्हतं, कारण परीक्षा आहे हे फुटलं तर स्थळं कशाला येतील, असं काकांचं म्हणणं. एकदा माझ्या बायकोपाशी त्या म्हणाल्या, "यांचं खरेपण आणि माझी अब्रू." एवढंच म्हणाल्या आणि शेंगदाणे निवडत राहिल्या.

मग केतकीनेच एक दिवस जेवताना सांगितलं, की तिला लग्न करायचंय, आणि मुलगा ठरलाय. मुलगा समथरचा, अरविंद त्याचं नाव. तो काही वर्षं गोव्याच्या एका हॉटेलात थाई स्वयंपाक शिकला होता आणि आता इलाइट चौराह्याजवळच्या गल्लीत संध्याकाळी त्याचा खाण्याचा ट्रक उभा असे. केतकीची बँक तिथून जवळ. ट्रक हिरवा रंगवलेला, त्यावर हत्ती काढलेला. झाशीच्या लोकांना थाई करीशी काय देणंघेणं? ते येऊन चाऊमीन मागत आणि अरविंद ते देई. पण कुणी करी मागितली तर त्याचा चेहरा खुलायचा. मी एकदा खाल्ली होती. हिरवीगार, नारळाच्या दुधातली, गवती चहाचा वास आणि नाकातून पाणी काढील असा तिखटपणा. कोल्हापूरच्या माणसाने तिखट म्हणावं म्हणजे बघा.

मुलगा मराठी नाही, याचं काकांना काही वाटलं नाही. "समथर जवळ आहे," एवढंच म्हणाले. "त्याला पोहे खायला बोलाव."

"नाही बोलावणार," केतकी म्हणाली. "मला तुमची ट्रिक माहितेय. मैं उसको बता दूँगी."

पेपर फुटलेला होता. मग काकांनी नवा पेपर काढला: त्याच्या ट्रकवर जाऊन आपण त्याची करी खायची आणि ती कशी झालीय ते त्यालाच विचारायचं. "प्रत्येक पदार्थात काहीतरी चुकलेलं असतंच," ते मला म्हणाले. "स्वतःच्या हाताला जो नावं ठेवू शकतो, त्याला मुलगी दिली. सगळं उत्तम आहे म्हणाला तर नाही." तपासणीला दुसरा माणूस लागतो, या कारखान्याच्या नियमाने त्यांनी मला बरोबर घेतलं. काकू घरीच थांबल्या. त्यांनी देवापुढे समई लावली होती.

पुढे काय घडलं ते केतकीने नंतर माझ्या बायकोला सांगितलं. आम्ही येणार एवढंच तिला माहीत होतं, म्हणून ती बँकेतून लवकर सुटून ट्रकवर गेली होती. करी तयार होती. अरविंद गॅसचं सिलिंडर बदलून आणायला गेला तेव्हा तिने ती चाखली आणि तिची पाचावर धारण बसली. बाबांना हे आवडणं शक्य नाही. गवती चहा त्यांना फक्त सर्दीत चालतो. मग तिने आपल्या घरी जे करतात ते सगळं केलं. गुळाचा खडा घातला, दोन आमसुलं टाकली, घरून आणलेल्या डबीतला गोडा मसाला घातला आणि वरून मोहरी-हिंगाची खमंग फोडणी दिली. शिवाय चांगली मुरावी म्हणून ती करी खळखळून उकळली. अरविंद परत आला तोवर नारळाचं दूध फाटलं होतं. दुसरं दूध शिल्लक नव्हतं आणि आमची स्कूटर गल्लीत वळली होती.

आम्ही स्टुलांवर बसलो. अरविंदने पानं आणून ठेवली. भाताचा चिकट गोळा, आणि बाजूला एक तपकिरी प्रकार, ज्यात पाणी एकीकडे, तेल एकीकडे आणि मधे पनीरचे तुकडे. वर मोहरी तरंगत होती. मी घास घेतला. आधी गूळ लागला, मग गोडा मसाला, मग कुठूनतरी लांबून गवती चहा, आणि सगळ्यावर हिंग. ते धड आमटी नव्हतं, धड करी नव्हतं. ट्रकच्या मागच्या बाजूला केतकी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं की हे कुणाचं काम आहे. काकांना ते पहिल्याच घासाला कळलं असणार. ती फोडणी ते रोज जेवत होते.

ते सावकाश खात राहिले. अर्धं पान संपल्यावर मान वर करून त्यांनी विचारलं, "कैसा बना है?"

अरविंदने एक चमचा घेऊन स्वतः चाखलं. "खराब बना है, बाबूजी."

पास झाला होता.

"किसने बनाया?" काकांनी विचारलं.

"मैंने."

"हींग भी तुमने डाली?"

"जी, मैंने ही डाली."

"गुड़? राई?"

"सब मैंने डाला. सोचा, आप लोगों को इसी स्वाद की आदत होगी."

"थाईलैंड में हींग डालते हैं?"

"नहीं डालते, बाबूजी. आज मेरी मति मारी गई थी."

केतकी पुढे आली. "बाबा, ते मी..."

"तू थांब," काका म्हणाले. "मी याच्याशी बोलतोय."

मग त्यांनी पान स्वच्छ केलं. त्यांच्यासमोर बसून मला टाकता येईना, म्हणून मीही ते सगळं गिळलं. माझ्या आयुष्यात मी त्याहून वाईट जेवलेलो नाही. हात धुऊन काका स्कूटरवर मागे बसले. अरविंद हात जोडून उभा होता. त्याच्याकडे त्यांनी एकदा नीट बघितलं, आणि आम्ही निघालो.

इलाइट चौराह्याची गर्दी ओलांडल्यावर मला राहवेना. "काका, तो खोटं बोलला."

"हो," ते म्हणाले. "तोंडावर बोलला."

घरी काकू दारातच होत्या. त्यांनी विचारू नये असा तो प्रश्न विचारलाच. "वाईट," काका म्हणाले. "फार वाईट." काकू आत गेल्या आणि समईची वात त्यांनी खाली केली.

त्यानंतर केतकी बँकेत जायची, यायची, खाली मान घालून जेवायची. तिने बाबांना एका शब्दाने विचारलं नाही. तिला त्यांचा स्वभाव माहीत होता आणि उत्तर काय येणार तेही माहीत होतं. माझी बायको मला रोज टोचायची, की तुम्ही तरी विचारा. मी कसला विचारतोय.

एका रविवारी सकाळी ते वर आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "समथरची बस कुठून सुटते, काही कल्पना?"

"काका, झाशीत तुमचा जन्म गेला. मी काल आलेला माणूस."

"मग चला माझ्याबरोबर, शोधू."

आम्ही तिघे निघालो, ते, काकू आणि मी. बसमध्ये ते पुढे बसले. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "नकार द्यायला एवढं कशाला जायचं? फोनवर सांगता आलं असतं." त्यांनी पिशवीत नारळ आणि साखरेची पुडी घेतली होती. पण ती नवऱ्याला दिसू नये म्हणून वरून शाल ठेवली होती.

अरविंदच्या वडलांचं समथरच्या बाजारात धान्याचं दुकान. दुकानामागेच घर. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, चहा आला, पेढे आले. अरविंद भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा रंग उडालेला होता. वडील साधे, बोलके गृहस्थ. मुलाची बाजू मांडायची म्हणून त्यांनी सुरुवात केली, "देखो बाबूजी, धंधा छोटा है. पर हमाओ मोड़ा कभऊँ झूठ नईं बोलत."

"मुझसे बोला है," काका म्हणाले.

अरविंदची आई पेढ्यांची बशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. काकूंनी डोळे मिटले.

"खाना मेरी बेटी ने बिगाड़ा था," काका पुढे म्हणाले. "वह छौंक हमारे घर की है, मैं पहचानता हूँ. मैंने जितनी बार पूछा, इसने उतनी बार अपने सिर लिया." ते हातातल्या कपात बघत होते. त्यांना शब्द शोधताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "हमारे यहाँ लड़के वाले आते थे, पोहे बनते थे. नमक मैं नहीं डालने देता था. लोग समझे, ये भूल जाती हैं. पूरी झाँसी में इनका नाम खराब हो गया. मेरे सामने लोग कहते थे और मैं सुनता था. एक बार भी नहीं कहा कि नमक मैंने रोका है. और सबसे कहता फिरता था कि सच बोलो." कप त्यांनी खाली ठेवला. "आपका लड़का मुझसे अच्छा है. आपको मंज़ूर हो तो हमें यह रिश्ता मंज़ूर है."

धान्याच्या दुकानदाराला यातलं मीठ आणि पोहे काही उमगले नसावेत. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती मान डोलावून म्हणाली, "हओ." मग तेही म्हणाले, "हओ, हओ." अरविंद काकांच्या पाया पडला. काकूंनी शालीखालून नारळ काढला. अरविंदच्या आईची ओटी भरताना त्यांच्या हातून साखर अर्धी खाटेवर सांडली. मला त्या क्षणी काकांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटली. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरं.

परतीच्या बसला गर्दी कमी होती. काकू खिडकीशी बसल्या होत्या. वाटेतलं मोंठ गाव मागे पडलं. मग माझ्याकडे वळून, पण पुढच्या सीटवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी अब्रू गेली झाशीत. यांनी ती परत दिली समथरला. तीही हिंदीत."

पुढच्या सीटवरून मान न वळवता आवाज आला, "लग्नाला मंडळातले सगळे येतील. तेव्हा सांगतो."

"काही नको. हसतील सगळे."

"हसू देत."

लग्न थंडीत झालं, प्रेम नगरातल्याच एका हॉलमध्ये. पानं मांडली गेली होती, मंडळी बसली होती, आमटीची बादली घेऊन वाढपी पंगतीच्या टोकाला उभा होता. काकांनी त्याला हाताने थांबवलं आणि भटजींकडून माइक मागून घेतला. पंगतीत कुजबुज झाली. या माणसाच्या हातात माइक आला म्हणजे आज हलवायाचं काही खरं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी काकूंना हाक मारून आपल्याशेजारी उभं केलं, आणि समथरला जे सांगितलं होतं ते सगळं पहिल्यापासून सांगितलं. मंडळातल्या एकेका बाईकडे बघून सांगितलं, मराठीत.

कुणीही हसलं नाही.